तुडुमातलं जनावर

बेसा,
ता. १८ जून १९७८

चि. रविंद्र यास,
मारोतदादाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल. तुझी व सौ. जयाची खुशाली कळवीत जावी, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तीन वर्षांत तुला मी सात पत्रं टाकली, त्यातलं एकही परत आलं नाही, म्हणजे खडगपूरचा पत्ता बरोबर आहे. मास्तरकीतला माणूस एवढ्यावरही समाधान मानतो. कोरे पेपर तपासायची मला सवय आहे.

बाबा बरे आहेत. तुझी पुष्पावहिनी गुडघ्यांना घेऊन कुरकुरते, पण तिची कुरकुर थांबली तरच मी घाबरेन. माझी शाळा उघडते आहे. पुन्हा रोज सायकलने नंदनवन आणि परत.

आज मुद्दाम लिहायला बसलो, त्याचं कारण आपली बोडी, शेतातलं ते लहान तळं.

बोडीचं तुडूम तुला आठवत असेल. रेल्वेच्या कारखान्यात राहून विसरला असशील तर आठवण करून देतो. पाळीच्या, त्या मातीच्या बांधाच्या, पोटातून आरपार गेलेली ती दगडी नळी. आत शिरून बसता येईल एवढी रुंद म्हणून तू लहानपणी तिच्यात लपायचास आणि आईचा मार खायचास. पाण्याच्या बाजूच्या तोंडाला सागाचा खुंटा ठोकलेला. खुंटा काढला की बोडीचं पाणी पाळीपलीकडच्या नालीत, ठोकला की बोडी भरते. दर जूनला बोडी कोरडी असताना मी आणि गोविंदा ढिवर बाहेरच्या तोंडातून लांब बांबू घालून नळी साफ करतो. चिखल निघतो, मुळ्या निघतात. एकदा तुझी जुनी चप्पल निघाली होती.

यंदा बांबू अर्ध्यावर गेला आणि मऊ लागला. गोविंदाने बांबू हळूच मागे घेतला आणि म्हणाला, "मास्तर, अंदर जनावर हाये."

मी ओणवा होऊन पाहिलं. आधी काही दिसेना. मग दिसायला लागलं. माझ्या मांडीएवढं जाड, वेटोळ्यावर वेटोळं, आणि वेटोळ्यांच्या मधून पांढरं डोकावणारं काहीतरी. ती अंडी होती.

"मादी हाये. अंड्यावर बसली," गोविंदा म्हणाला. "आता ते उठत नाई."

"केव्हा उठते मग?"

"पिल्लं निघतवरी. महिना, सवा महिना समजा. माह्या बापानं खदानीत पाह्यली होती एक. खात नाई, पेत नाई, जागची हालत नाई."

तू म्हणशील, बसू दे, तुमचं काय जातं? रविंद्र, जातं. बोडीच्या वरच्या अंगाला, पळसाजवळ, आई आहे. ती जागा तिनेच सांगितली होती. हिवाळ्यात गोविंदाचे शिंगाडे निघाले की ती तिथेच बसून सोलायची. मे महिना होता आणि बोडी कोरडी ठाक होती, म्हणून आम्ही तिला तिथे ठेवली. त्याच दिवशी गोविंदाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मास्तर, बोडी पुरी भरली का पाणी इथवर येते." मी म्हटलं, येऊ देतो कशाला, तुडूम आपल्या हातात आहे. आणि तीन पावसाळे ते खरोखर हातात होतं. जुलै लागला की खुंटा ढिला करायचा, बोडी निम्म्यावर ठेवायची. आई कोरडी राहिली.

आता खुंटा काढला तर ते सगळं पाणी त्या जनावराच्या आणि अंड्यांच्या अंगावरून जाणार. नाही काढला तर आईच्या.

बाबांनी आपलीही जागा तिथेच सांगून ठेवली आहे, आईच्या उजव्या हाताला. हे ते दर दोन दिवसांनी सांगतात. मी विसरलो तर मला वर्गाबाहेर उभा करतील अशा आवाजात सांगतात. तसे ते बरे आहेत, म्हटलंच वर. फक्त बाजेवरून कमी उठतात.

गोविंदाचा साळा भाला घेऊन यायला तयार होता. मी बाबांना विचारलं. मी न विचारता करायला हवं होतं असं वहिनीचं मत आहे. बाबा म्हणाले, "मारायचं नाई. शब्द देल्ला हाये म्या." छप्पन्न साली पांढरे कपडे घालून दिलेला शब्द. त्या दिवसापासून त्यांनी सुरी हातात धरली नाही. आईने मटण सोडलं नाही आणि बाबांनी तिला सोडायला लावलं नाही, खाटकाकडून आणलेलं त्यांना चालायचं. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. पण घरात, शेतात, आपल्या हाताने काही मारायचं नाही म्हणजे नाही.

गंमत बघ. ह्याच बाबांनी कामठीहून निघताना घरातले सगळे देव कन्हान नदीत सोडून दिले. सटवाई गेली, म्हसोबा गेला, माझं नाव तेवढं मारोती राहून गेलं. पण दिवेलागणीला त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही त्यांनी नदीत सोडलं नाही. दिवसाढवळ्यासुद्धा 'जनावर'च म्हणायचं. आपल्या घरात तो दुसरा शब्द कुणी उच्चारलेला मी जन्मात ऐकला नाही. तू ऐकलास?

असो. मी परवाच सरकारात अर्ज दिला आहे. आता कायदा झाला आहे म्हणे, अशा प्राण्यांना परवानगीशिवाय हलवता येत नाही. अर्ज असा उतरला आहे की मॅट्रिकच्या पोरांना फळ्यावर नमुना म्हणून लिहून द्यावा. विषय, महोदय, सदर, तरी, कळावे, सगळं जागच्या जागी, आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवून दे. आठ दिवसांत माणूस येईल.

बाबांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत. म्हणजे, सांगितले नाहीत. तुझं नाव निघालं की ते भिंतीकडे तोंड करून पडतात. त्याला आशीर्वादच समज.

तुझा,
मारोतदादा


बेसा,
ता. १२ जुलै १९७८

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम.

बाबा बरे आहेत.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. बोडीचं पाणी पळसाच्या बुंध्यापासून बारा पावलांवर आलं आहे. बाबा दिवसातून चारदा विचारतात, "पाणी कुठवर आलं गा?" मी म्हणतो, "लांब आहे अजून." एकदा हे उत्तर दिलं की तेच द्यावं लागतं, त्यामुळे पाणी पुढे सरकतं आणि माझं उत्तर जागच्या जागी राहतं.

माझ्या नमुनेदार अर्जाचं काय झालं ते ऐक. पोट धरून हसलास तरी चालेल, निदान हसताना तरी तू आमच्यात असशील.

पाच तारखेला दुपारी दारात सायकल थांबली. एक तरुण गृहस्थ. एका हातात दावं, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत सलाईनसारखी मोठी बाटली. अंगणभर नजर टाकून म्हणाले, "कुठाय गाय? का म्हैस हाये?"

मी म्हटलं, "आमच्याकडे गाय नाही."

"मग बसलं कोण?"

ते गुरांचे डॉक्टर होते. माझाच अर्ज त्यांच्या खिशात, वर चार शिक्के आणि तीन सह्या. त्यांनी तो मला वाचून दाखवला आणि माझे कान तापले. "आमच्या मालकीच्या बोडीच्या नळीजवळ एक मादी जनावर येऊन बसले असून ते काही केल्या जागचे उठत नाही. तरी सदर जनावराचा त्वरित बंदोबस्त व्हावा." ज्याने वाचलं त्याचा काय दोष? वीण झालेली गाय बसते आणि उठत नाही, त्यावर औषध टोचावं लागतं. भला माणूस, वाकड्या रस्त्याने चिखल तुडवत, गाईला उभी करायला आला होता. कागद वीस दिवस ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरून बरोबर त्याच्याकडे पोचला होता.

मी त्यांना तुडुमाशी नेलं. ओणवे होऊन त्यांनी आत पाहिलं आणि हसायला लागले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. "गुरुजी," ते म्हणाले, "अजगर असं लिहाचं होतं ना."

एकोणतीस वर्षं मी मराठी शिकवतो आहे. मोघम शब्द आला की लाल रेघ मारतो आणि समासात लिहितो, 'म्हणजे काय?' आणि सरकारी अर्जात मी जनावर लिहिलं. बाबांना भिऊन नाही. देवाला भिऊन नाही, देव तर नदीत आहेत. माझ्या हाताला दुसरा शब्द आलाच नाही. लिहून झाल्यावर मी तो अर्ज तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला त्यात अजगर स्पष्ट दिसला.

वीस दिवस. त्या वीस दिवसांत बोडी रिकामी होती. तेव्हा माणसं आली असती तर कदाचित काही करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून नवा अर्ज घेऊन स्वतः नागपूरला गेलो. पहिल्याच ओळीत अजगर, दुसऱ्या ओळीत अजगर. परवा जंगल खात्याचे गार्ड आले. भैयाजी नाव. वयस्कर आहेत, शांत बोलतात. त्यांनी पाहून सांगितलं, "हात लावू नका गुरुजी, केस होईन. पकडाची परवानगी वरून येते. अन् आता उचलली तं अंडे मेले समजा. राहू द्या. पंधरा-वीस दिवसात पिल्लं निघते, मंग ते आपोआप जाते."

"आणि तोवर पाणी?"

भैयाजींनी बोडीकडे पाहिलं. "पाण्यासाठी आमच्यापाशी कायदा नाई," ते म्हणाले. ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत. त्यांनाही वाईट वाटलं असावं, चहा अर्धाच घेतला.

तू कारखान्यातला माणूस, तुझ्या डोक्यात उपाय यायला लागले असतील. डिझेलचं इंजिन आणून दोन दिवस उपसा केला. जेवढं उपसलं तेवढं तिसऱ्या दिवशी आभाळाने परत टाकलं. पाळ एका बाजूने कापावी म्हटलं तर गोविंदाने हात जोडले. "कापू नका मास्तर. जुनी माती हाये, एकदा सुटली का थांबत नाई. माही झोपडी खालीच हाये." बरोबर आहे त्याचं. आईला कोरडी ठेवायला त्याच्या पोरीबाळी बुडवायच्या का? सांडवा आहे, पण तो इतका उंच आहे की त्यावरून पाणी जाईपर्यंत आई कमरेएवढ्या पाण्याखाली असेल.

म्हणजे करण्यासारखं काही नाही. रोज शाळेतून आलो की सायकल लावून आधी पळसाकडे जातो, पावलं मोजतो, आणि आत येऊन खोटं बोलतो.

मी सांगायचं टाळतो आहे ते हे नाही. दुसरंच आहे. ते डॉक्टर सायकलवरून परत गेले तेव्हापासून मनात आहे. जनावर ही माझी पहिली चूक नव्हे.

पंच्याहत्तर सालच्या मेमध्ये आई सकाळी सातला गेली. दहाला मी तारऑफिसात होतो. फॉर्मवर मी लिहिलं, 'आई सीरियस, ताबडतोब ये.' सगळे असंच लिहितात. तारेत 'वारली' असं कुणी लिहीत नाही, घेणाऱ्याच्या छातीत धस्स होईल, वाटेत त्याचं काय होईल. खिडकीतल्या माणसानेसुद्धा फॉर्म वाचून मान खाली घातली आणि माझा फॉर्म आधी घेतला. त्याला कळलं. मला वाटलं तुलाही कळेल.

तू जे लिहिलं होतं ते वाचलंस. साहेबाला तार दाखवलीस, साहेब म्हणाला सीरियसच आहे ना, परवा जा. तू परवा निघालास. चौथ्या दिवशी उन्हात अंगणात उभा राहिलास, घामाघूम, हसत. हातात शेकायची रबरी पिशवी, लाल रंगाची. आईच्या पत्रात कंबर दुखते असं असायचं ना, म्हणून तू तिकडून आणली होतीस. आणि तू विचारलंस, "आई कुठं निजली हाये?"

तेव्हा मी तुला जे म्हणालो ते मला आजही तोंडात कडू लागतं. मी म्हणालो, "सीरियस म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. तुलाच कसं कळलं नाही?" तुझीच चूक काढली मी. आई गेलेली, तू दारात, आणि मी तुझा पेपर तपासत होतो.

तू जाताना म्हणालास, "माणूस जित्ता हाये का मेला, एवढं बी तुले लिहिता येत नाई, अन् मास्तरकी करून राहिला."

बरोबर बोललास. हे लिहायला मला तीन वर्षं आणि एक अजगर लागला. मी चुकलो, रविंद्र. मला माफ कर असं लिहितो, पण करशीलच असं मी धरून चालत नाही.

ती लाल पिशवी तू पळसाखालच्या ओल्या मातीवर ठेवून गेला होतास. वहिनीने उचलून आणली, धुऊन ट्रंकेत ठेवली. गेल्या महिन्यात तिने ती बाहेर काढली. बाबांची कंबर शेकायला. ते बरे आहेत, कंबर तेवढी दुखते.

तुझा,
मारोतदादा


बेसा,
ता. २३ जुलै १९७८

रविंद्र,

ह्या पत्रात 'बाबा बरे आहेत' हे वाक्य नाही. मागच्या दोन्ही पत्रांत होतं, ते खोटं होतं.

आई सतरा तारखेला पाण्याखाली गेली. आधी कडेची माती ढासळली, मग मी अक्षरं काढलेला तो दगड कलला, दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. आता पळस पाण्यात उभा आहे आणि त्याच्या भोवती गोविंदाच्या शिंगाड्यांच्या वेली तरंगत आल्या आहेत. मी छत्री घेऊन काठावर उभा होतो. पन्नाशीला आलेला माणूस बोंबलून रडला तर पावसात कुणाला ऐकू जात नाही, एवढं मला कळलं.

बाबांना मी त्या दिवशीही सांगितलं, "लांब आहे."

वीस तारखेला दुपारी मी लोखंडी सब्बल घेतली आणि पाण्यात उतरलो. छातीएवढं पाणी होतं. खुंटा पायाला लागला. चार घाव घातले असते तर निघाला असता. गोविंदा पाळीवर उभा होता. तो हो म्हणाला नाही आणि नको म्हणाला नाही, फक्त म्हणाला, "मास्तर, एक बार पाहून तं घ्या."

मी वर आलो, पलीकडे उतरलो आणि तुडुमात पाहिलं. ती तशीच होती. महिन्याभरात वाळून अर्धी झाली होती, कातडी सैल पडली होती. आणि तिच्या सगळ्या अंगाला कंप येत होता, थांबून थांबून. मला वाटलं आजारी पडली. गोविंदा म्हणाला, "थंडी पडली ना पावसानं. अंड्यायले ऊब देऊन राहिली."

मी सब्बल खांद्यावर टाकली आणि घरी आलो. दयाळू म्हणून नाही. माझ्याने झालं नाही, एवढंच. जे करायचं ठरवून गेलो ते मला करता येत नाही, ह्याला दया म्हणू नये.

बाबा जागे होते. माझं धोतर छातीपर्यंत भिजलेलं त्यांनी पाहिलं. "पाणी कुठवर आलं गा, मारोती?"

मी हात छातीवर ठेवून दाखवलं.

"अन् तुही आई?"

"पाण्याखाली आहे बाबा. तीन दिवस झाले."

त्यांनी आढ्याकडे तोंड केलं. मग हळूच म्हणाले, "तिले पवता येत नाई गा."

वहिनी स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातली ताटली पडली. बाबांनीच पुढे विचारलं, "खुंटा काढला का?"

"नाही."

"बरं केलं. तिची निघू दे पिल्लं. मंग पाणी उतरव. तवरोक मी बी थांबतो."

आता ऐक ते कशावर थांबले आहेत. मेअखेरीस त्यांना नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवलं होतं. त्यांची किडनी काम करत नाही. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, पावसाळा काढतील असं वाटत नाही. मी हे तुला पहिल्याच पत्रात लिहिणार होतो. लिहायला बसलो आणि बोडीवर गेलो. दोन्ही पत्रांत मी तुला पाण्याची पावलं मोजून कळवली, आणि बाजेवर सूज पायावरून पोटावर चढत होती ती कळवली नाही. परवा मी वहिनीला म्हणालो, ह्यांच्याही अंगातलं पाणी निघेना आणि ह्यांना तुडूमही नाही. ती माझ्यावर इतकी संतापली की दिवसभर बोलली नाही. मी चेष्टा करत नव्हतो ग, असं तिला सांगायचंही राहून गेलं.

काल डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, चार दिवस, फार तर आठ. भैयाजींच्या हिशेबाने पिल्लं निघायलाही तेवढेच दिवस आहेत. काय आधी होईल ते सांगणारा कुणी नाही. मग पाणी उतरायला आणखी आठवडा. बाबांना आईच्या उजव्या हाताला ठेवायचं आहे आणि आईचा उजवा हात कुठे आहे तेच आता मला दाखवता येणार नाही. आधी गेले तर त्यांना कुठे न्यायचं? कुणाला विचारू? मोठा मुलगा मीच आहे.

डॉक्टर गेल्यावर तडक तारऑफिसात गेलो. फॉर्म हातात घेतला. हाताने आपोआप लिहिलं, 'बाबा सीरियस'. तेव्हा मात्र मी पेन खाली ठेवलं. हे दोन शब्द तू वाचले असतेस तर तुझ्यापुरते बाबा तिथेच मेले असते. खोडलं. 'बाबा जिवंत, लगेच ये' असं लिहिलं, तर ते जास्तच वाईट दिसायला लागलं. जिवंत माणसाबद्दल कुणी जिवंत म्हणून तार करतं का? तू म्हणाला असतास, दादा पुन्हा लपवून राहिला, गेलेच असतील, आता घाईने जाऊन काय करायचं. आणि मला तुला दोष देता आला नसता. फॉर्म फाडला. मागच्या लोकांनी रांगेत कुरकुर केली.

म्हणून हे पत्र, एक्स्प्रेसने. तारेपेक्षा उशिरा पोचेल हे मला कळतं. पण तारेत अक्षर मशीनचं असतं.

जे आहे ते त्याच्या नावाने लिहितो. बाबा मरून राहिले. वर्गात पोरांनी 'करून राहिला, जाऊन राहिला' लिहिलं की मी लाल रेघ मारत आलो, शुद्ध लिहा म्हणून. आज 'मरत आहेत' असं लिहून पाहिलं, तर ते दुसऱ्या कुणाचे तरी बाबा वाटले. आपले बाबा मरून राहिले. अजून मेले नाहीत. श्वास लागतो, पण ओळखतात, बोलतात. आज सकाळी वहिनीने पेज भरवली तर मीठ कमी आहे म्हणाले. साहेबाने विचारलं तर ह्यातलं जे लागेल ते दाखव.

तू ये. भेटतील असं वचन मी देत नाही, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मला तुझी गरज आहे, हे आणखी एक वाक्य जे मी कधी लिहिलं नव्हतं. पाणी उतरलं की आपण दोघं चिखलात वाकून आईचा दगड शोधू. मला एकट्याने ते होणार नाही.

माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही. तेव्हा खालची जागा मोकळी सोडतो आणि कागद बाबांना देतो. मिलच्या रात्रशाळेत शिकलेली अक्षरं आहेत. पाठीमागे मी उशी धरली आहे, पेन त्यांनीच धरलं आहे. मी आज काही तपासणार नाही, तूही तपासू नकोस.

तुझा,
मारोती

रवी मी जित्ता आहो ये
बाबाराव
ता २३ सकाळ